दूध पुरतं का?

माझी मुलगी पोट फाडून झाली. आमच्याकडे बायका सिझेरियनला असंच म्हणायच्या आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायच्या. मुलुंड पूर्वेला, आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल अशा एका लहानशा प्रसूतिगृहात ती जन्मली. मी नीट शुद्धीवर आले तेव्हा दुपार झाली होती आणि बाळ माझ्याजवळ नव्हतं.

"झोपलीय," आयाबाई म्हणाली. "पावडरचं दूध दिलंय. पोट भरलंय तिचं. तू आराम कर."

मला ते बरंच वाटलं. टाके ओढत होते, कुशीवर वळता येत नव्हतं, आणि बाळाचं पोट भरलंय म्हटल्यावर आणखी काय हवं? दुसऱ्या दिवशीही तसंच चाललं. नंतर माझी छाती भरून दगडासारखी झाली, अंगात कणकण आली, तेव्हा बाळाला माझ्या कुशीत दिलं. ती तोंड लावायची, एकदा-दोनदा ओढायची, मग मान झटकून टाहो फोडायची. पुन्हा धरलं की पुन्हा तेच.

"तुला दूध यायचं असेल अजून," आयाबाई म्हणाली आणि बाटली घेऊन आली. मुलगी गटागटा प्यायली आणि तिचे डोळे मिटले. आयाबाईचा त्यात वाईट हेतू काही नव्हता. तिच्यापुढे रडणारी पाच बाळं होती आणि हात दोनच. पण मी कॉटवर बसून ते बघत होते, आणि मला वाटलं, ह्या पोरीला माझी गरज नाही.

घरी जाताना पिशवीत पावडरचा एक छोटा डबा मिळाला. फुकट होता. डब्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला माहेर असं नव्हतंच. सासूबाईंनी सगळं केलं. त्यांना मी आई म्हणायचे. मालवणजवळच्या एका गावच्या. सासरे गिरणीत होते, म्हणून लग्नानंतर परळला चाळीत संसार केला. संपानंतर गिरणीचं काम सुटलं ते सुटलंच. खोली विकून सगळे मुलुंडला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आले. सासरे तेव्हा गावच्या घराचं छप्पर बघायला म्हणून गेले होते, ते तिकडेच रमले होते. घरात आई, मी, नवरा, आणि आता ही.

आई माझ्याशी शहरी मराठी बोलायच्या, पण काळजीत असल्या किंवा चिडल्या की मालवणीवर यायच्या. मला सकाळी मालिश, मग शेक, मग वेखंडाची धुरी. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, जेवणानंतर मूठभर बाळंतशेपा. माझ्या अंगावर दूध यावं म्हणून त्या झटत होत्या, आणि झटताना त्यांचा एक डोळा फळीवरच्या पावडरच्या डब्यावर असायचा. तो संपत आला की त्या अस्वस्थ व्हायच्या. नवऱ्याला निरोप जायचा, आणि तो कामावरून येताना स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून नवा डबा घेऊन यायचा.

बाळ बघायला बायका यायला लागल्या. मजल्यावरच्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या. आल्यावर पहिला प्रश्न, कोणासारखी आहे गं? दुसरा, दूध पुरतं का? हे प्रेमानेच विचारायच्या. मी सुरुवातीला "पुरतं" म्हणायचे. पण समोर फळीवर डबा, शेजारी उकळलेली बाटली. बायका डब्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. नंतर मी "वरचं पण देतो" म्हणायला लागले. त्यानंतर नुसती मान हलवायला लागले.

सांताक्रूझहून चुलत सासूबाई आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "हिचा बांधाच लहान. अशांना नसतंच फार."

आई चहा ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या घराक नायच ता. माका पण नव्हतां."

असं म्हणून त्यांनी कप पुढे केला आणि बोलणं दुसरीकडे वळलं. मला मात्र ते बसलं. सासूला नव्हतं, मला नाही, म्हणजे ह्या घराचं पाणीच तसं. माझं रक्ताचं नातं नसलेल्या घराचा दोष माझ्यात कसा उतरेल, हा विचार करण्याइतकं डोकं तेव्हा चालत नव्हतं. झोप नव्हती. छाती ठणकत होती. मुलीला जवळ घेतलं की ती रडायची, ती रडली की आई बाटली भरायच्या, बाटली बघितली की मी रडायचे.

मी भांडुपला एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. पट्ट्यावरून गोळ्यांच्या पट्ट्या येत, आम्ही समोरासमोर बसून त्या खोक्यात भरायचो. माझ्यासमोर बसणारी मैत्रीण घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत राहायची. तिचा मुलगा तेव्हा वर्षाचा होत आला होता. एके दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ती थेट आमच्याकडे आली. अंगावर कामावरची निळी साडी, हातात मोसंब्यांची पिशवी.

"काय गं," दारातूनच म्हणाली, "वाट लागलेली दिसतेय तुझी."

मला रडूच फुटलं. "मला दूधच येत नाही," मी म्हणाले.

तिने पिशवी ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं. "मग हा ब्लाऊज कशाने भिजलाय?"

मी खाली बघितलं. दोन्ही बाजूंना ओले डाग पसरले होते. ते रोजच व्हायचे. मी त्यांच्याकडे कपडे खराब होतात एवढ्याच नजरेने बघत होते.

"येतं," मी म्हणाले, "पण ती घेत नाही."

"मग तसं म्हण ना. येत नाही आणि घेत नाही, दोन्ही वेगळं आहे यार."

तिने हात धुतले आणि कॉटवर माझ्याशेजारी येऊन बसली. "मला फार कळतं असं समजू नकोस. माझ्या पोराला मी पंधरा दिवस चुकीचं धरत होते. चिरा पडल्या होत्या. मग चाळीतल्या एकीने दाखवलं. आता तू दाखव, कशी धरतेस."

मी मुलीला उचललं. ती पाठीवर उताणी माझ्या हातावर, आणि तोंड तेवढं माझ्याकडे वळवलेलं.

"थांब." मैत्रिणीने पाण्याचा पेला उचलून माझ्या हातात दिला. "आता मान खांद्याकडे पूर्ण वळव. तशीच ठेव आणि पाणी पी."

मी प्यायला गेले. घोट घशाखाली उतरेना, ठसका लागला.

"बघ. तुला नाही जमत, तिला कसं जमेल? अख्खी पोरगी तुझ्याकडे वळव. पोटाला पोट लाव."

टाक्यांवर भार येऊ नये म्हणून तिने मांडीवर उशी ठेवली आणि पोरीला उशीवर आडवं निजवलं. मग म्हणाली, "आता फुगलेला फुगा तोंडात धरता येतो का सांग. तुझी छाती तशी झालीय. ती धरणार कुठे?" आईंकडून गरम पाण्यात पिळलेलं फडकं मागून घेतलं, शेक दिला आणि हाताने थोडं दूध काढायला लावलं. दूध वाटीत पडलं. पिवळसर, दाट. आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या वाटीकडे बघतच राहिल्या.

"आता घाई नको. तिने जांभई दिल्यासारखं तोंड उघडू दे. मोठ्ठं. उघडलं की पटकन तिला तुझ्याकडे ओढ. तू तिच्याकडे वाकू नकोस, पाठ जाईल."

पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदा पोरीने नुसतं टोक पकडलं, तर मैत्रिणीने मला करंगळी हलकेच तिच्या तोंडात सारून सोडवायला लावलं. "टोक नको, काळी जागा पण आत जाऊ दे." आणखी एक-दोनदा झालं. पोरगी चिडली, लाल झाली, मी म्हणाले राहू दे. मैत्रीण म्हणाली, "तू घाबरलीस की तिला कळतं. जरा थांब. खांद्यावर घे, गप्प होऊ दे, मग परत."

आणि मग तिने धरलं. सांगायला सोपं आहे, पण ते कसं वेगळं होतं हे मला अजून आठवतं. आधी नुसती चिमटल्यासारखी आग व्हायची. आता आतून काहीतरी ओढलं जात होतं, आणि थोड्या वेळाने एक बारीक आवाज यायला लागला. गिळण्याचा. आम्ही तिघी तो आवाज ऐकत होतो.

मग मैत्रीण म्हणाली, "बाटली बंद कर. वरचं एकदम बंद नको करू, घाबरशील. पण लागलंच तर वाटी-चमच्याने दे. आधी अंगावरचं, मग वाटीतलं. पाजत राहिलीस तर दूध वाढतं, नाही पाजलंस तर आटतं. एवढंच आहे."

"आणि रडली तर?" आईंनी दारातून विचारलं.

"रडली तर पुन्हा पाजायचं, मावशी."

"आत्ताच पाजलेलां असलां तरी?"

"तरी."

"आणि पुरतंय हे कळणार कसं?" हे मी विचारलं.

तिने गॅलरीकडे बोट केलं. दोरीवर दुपटी आणि लंगोट वाळत होते. "ते बघायचं. दिवसभर भिजवतेय ना? आत गेल्याशिवाय बाहेर येईल का? आणि महिन्याची झाली की वजन करून घे. बाकी कोणाला विचारू नकोस."

ती गेल्यावर आई म्हणाल्या, "तुझी मैत्रीण डॉक्टर हा काय?" आणि भांडी घासायला लागल्या. पण बाटली त्यांनी त्या दिवशी उकळली नाही.

पुढचे दिवस सरळ गेले असं नाही. सकाळी जमायचं, दुपारी जमायचं, आणि संध्याकाळ झाली की पोरगी रडायला लागायची. दिवेलागणीला सुरू व्हायचं ते थांबायचं नाव नाही. मी पाजायचे, ती सोडायची, पुन्हा रडायची. आईंचा धीर सुटायचा. एका संध्याकाळी त्यांनी बाटली भरूनच आणली.

"मी म्हटलं ना नको," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"पोराक उपाशी ठेवतलंस तू? हट्टापायी?"

"उपाशी नाहीये ती. आत्ता प्यायलीय."

"मग रडता कित्याक?"

नवरा नुकताच कामावरून येऊन बूट काढत होता. त्याने दोघींकडे बघितलं, मुलीला उचललं आणि तसाच अनवाणी बाहेर गेला. आम्ही दोघी दोन खोल्यांत बसून राहिलो. रडण्याचा आवाज जिन्यावरून खाली गेला, मग अंगणात, मग येईनासा झाला. बऱ्याच वेळाने तो परत आला. पोरगी त्याच्या खांद्यावर, डोळे उघडे, शांत. पाण्याच्या टाकीला फेऱ्या मारत होतो म्हणाला.

आई पुढे झाल्या. "काय दिलंस तिका?"

"काय देणार? काही नाही. फिरवली."

आईंनी बाटलीकडे बघितलं, नातीकडे बघितलं. "म्हणजे भूक नव्हती," त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्यासारखं. मग बाटली घेऊन आत गेल्या, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी रडणं सुरू झालं की त्या स्वतःच नातीला घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या. खाली कोण आलं, कोणाची भाजी काय, हे सगळं तिला सांगायच्या. वाटी-चमचा दिवसातून एकदा लागायचा, मग एक दिवसाआड, मग विसरलाच.

महिना झाल्यावर मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तिला वजनाच्या तागडीत ठेवलं, काटा थांबण्याची वाट बघितली, कार्डावर लिहिलं.

"वरचं काय देता?"

"काही नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं.

"छान वाढतेय," ते म्हणाले. "चालू ठेवा. पाणीसुद्धा नको." आणि पुढच्या बाळाला आत बोलावलं.

एवढंच. मला वाटत होतं की ते आणखी काहीतरी म्हणतील, कौतुक करतील. त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं. बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की विशेष काही नाही हेच मला ऐकायचं होतं.

घरी चालत निघालो. मुलगी माझ्या खांद्यावर, आई शेजारी, हातात छत्री उन्हासाठी. बाजाराच्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं भाजी घ्यायची असेल.

"म्हणजे माझां पण होतां की काय गो?" त्या म्हणाल्या.

मला लगेच समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं, बाजारात उभ्या राहून, लोक आजूबाजूने जात असताना. माझी मोठी नणंद गावी झाली होती. तिला त्यांनी अंगावर पाजलं, पोरगी चालायला लागून बडबडायला लागली तरी. शेताच्या बांधावर बसून पाजलं, मांगरात म्हणजे शेतावरच्या खोपटात बसून पाजलं. कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही कधी विचार केला नाही. मग मुंबईला आल्या, आणि माझा नवरा परळच्या चाळीत झाला. तो संध्याकाळी रडायचा. सासऱ्यांची आत्या म्हणाली, पोर वाळलं, हिच्या दुधात कस नाही. चाळीतल्या बायका बघायला आल्या, त्याही तेच म्हणाल्या. तबेल्यातलं दूध आणून पाणी घालून सुरू केलं. पोराचं पोट बिघडलं, जुलाब झाले, वाचला हे नशीब. तोवर आईंचं दूध गेलं होतं.

"मोठीच्या वेळेक होतां. मग ह्याच्या वेळेक खंय गेलां?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षां मी म्हणतंय, माका नव्हतां."

"असणार, आई," मी म्हणाले. "होतंच."

त्यांनी मान हलवली. रडल्या वगैरे नाहीत. भाजीवालीपाशी बसून चवळीच्या शेंगा निवडल्या, भाव केला, पिशवी भरली. पण चालताना त्या माझ्या बाजूला आल्या आणि छत्री माझ्या आणि पोरीच्या डोक्यावर धरली. स्वतः उन्हातून चालत राहिल्या.

बारसं आम्ही सव्वा महिन्यानंतर केलं. सांताक्रूझच्या चुलत सासूबाई आल्या. पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "भरली आहे गं. दूध पुरतं का आता?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "पुरतां. आणि नाय पुरलां तर आमी घरातली बघू. तू चाय घे."

त्यानंतर त्या घरात तो प्रश्न कोणी विचारला नाही. कोणी विचारायला लागलंच तर आईंच्या तोंडाकडे बघून गप्प व्हायचं.

तीन महिन्यांची रजा संपत आली तेव्हा पुन्हा घोर लागला. कामावर गेल्यावर काय? घरी फ्रीज नव्हता. सकाळी काढून ठेवलेलं दूध उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. मी म्हणाले, आता वरचं सुरू करावंच लागेल. एक-दोन दिवसांनी आई म्हणाल्या, "भांडुपाक बस जाता मा? मी आणतंय तिका."

इथे राहायला आल्यापासून आई मुलुंडबाहेर एकट्या कधी गेल्या नव्हत्या. बसचे नंबर त्यांना वाचता यायचे, एवढंच. पहिल्या दिवशी मी पट्ट्यावर बसले होते, पण डोळे घड्याळावर. जेवणाची सुट्टी झाल्यावर धावत फाटकाशी आले, तर आई वॉचमनच्या स्टुलावर बसलेल्या, मांडीवर पोरगी, आणि वॉचमन उभा राहून तिच्याशी बोलत होता. तोही कोकणातला निघाला.

पाजायचं कुठे हा प्रश्न होता. कारखान्यात लहान मुलांसाठी एक खोली होती. दारावर तशी पाटी होती, पण आत मोडक्या खुर्च्या आणि रिकामी खोकी. कोणी बाळ आणतच नव्हतं, म्हणून खोली कशाला, आणि खोली नाही म्हणून कोणी बाळ आणत नव्हतं. मी पहिले दोन-चार दिवस बायकांच्या कपडे बदलायच्या जागी, कपाटांच्या मध्ये बसून पाजलं. मैत्रीण समोर उभी राहून जेवायची, म्हणजे आडोसा व्हायचा. मग ती चिडली. सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, पाटी लावलीय तर खोली उघडा, नाहीतर पाटी तरी काढा. आम्ही सात-आठ जणी तिच्यामागे उभ्या होतो. सुपरवायझर म्हणाले, विचारतो. त्यांनी खरंच विचारलं. खुर्च्या बाहेर गेल्या, एक सतरंजी आली, खिडकीला पडदा आम्हीच शिवला.

त्या खोलीत मग इतर जणीही यायला लागल्या. एकीची रजा नुकती संपली होती. तिचं बाळ गोवंडीला, आणायला कोणी नव्हतं. तिची छाती भरून यायची, ती भिंतीकडे तोंड करून दूध काढून टाकायची आणि डोळे पुसायची. मैत्रिणीने तिला सांगितलं, काढतेस ते बरं आहे, आटणार नाही, घरी गेल्यावर आणि सकाळी निघताना पाज. ती तशी पाजत राहिली. दिवसा वाटीने वरचं, बाकी अंगावरचं. कोणी तिला नावं ठेवली नाहीत. सतरंजीवर बसून आम्ही डबे खायचो आणि एकमेकींना सगळं विचारायचो, जे घरी विचारायची लाज वाटायची.

सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी बाळंत होऊन आली. फार तर वीस वर्षांची. तिची आई रत्नागिरीहून आली होती, ती सव्वा महिना राहून परत गेली, आणि मुलगी दिवसभर एकटी. नवरा रात्रपाळीचा, तो दिवसा झोपायचा. तिच्या मुलाचं रडणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एका रविवारी आई म्हणाल्या, "चल गो, बघून येऊ."

मला आता सगळं येत होतं. मी तिच्यापाशी बसले आणि एकामागून एक सांगायला लागले. पोटाला पोट, उशी अशी, तोंड मोठं उघडू दे, टोक नको. ती प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत होती. तिचे खांदे मात्र कानापर्यंत चढले होते, आणि मी बघतेय म्हणून ती बाळाऐवजी माझ्याकडेच बघत होती. मुलाने धरलं, सोडलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत नापास झाली. मी म्हणाले, होईल, होईल. खाली आलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तर आई नव्हत्या. मुलीला घेऊन वर गेल्यात असं शेजारीण म्हणाली. मी वर गेले. दार लोटलेलं होतं.

आतल्या खोलीत ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती, बाळ पदराआड. आई तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्रावर मेथीची जुडी पसरलेली, शेजारी माझी मुलगी एक देठ चोखत. आई मेथी निवडत होत्या आणि बोलत होत्या. दुधाबद्दल नाही. गावी पाणी कसं ओढून आणायचं, विहिरीवर कोण कोणाशी भांडायचं. मुलगी मध्येच हसली. तिचे खांदे खाली आले होते.

आई मला बघून म्हणाल्या, "ये, बस. ती जुडी घे."

मी बसले, पाठ करूनच. मागून मुलगी म्हणाली, "वहिनी, आज सकाळपासून तीनदा धरलं त्याने."

"बरं झालं," मी म्हणाले. सल्ले ओठांवर आले होते. आईंनी मेथीची एक जुडी माझ्यापुढे सरकवली.

आई रोज वर जायच्या. कधी तांदूळ निवडायला न्यायच्या, कधी लसूण सोलायला. त्या मुलीचं बाळ पूर्णपणे अंगावर कधीच आलं नाही. वाटीतलं थोडं वरचं तिला शेवटपर्यंत लागलं. पण तिचा मुलगा वर्षाचा होईपर्यंत अंगावर पीत होता, आणि कोणी विचारलं तर ती सरळ सांगायची, थोडं माझं, थोडं वरचं, पोरगा धडधाकट आहे. मी आईंना एकदा विचारलं, तुम्ही पाठ करून का बसता? त्या म्हणाल्या, "कोण बघता हा म्हटल्यावर माझां पण आटलां असतां. आणि एकटीक सोडलां तरी आटता." त्यांच्या लेखी हे इतकं उघड होतं की ह्याहून जास्त समजावून सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडून उठलो तेव्हा बाळ झोपलं होतं. मी माझ्या मुलीला कडेवर घेतलं. आईंनी निवडलेली अर्धी मेथी त्या मुलीच्या ओट्यावर ठेवली, देठ वर्तमानपत्रात गुंडाळले.

"काकू," ती मुलगी म्हणाली, "उद्या कोणती भाजी आणताय?"

"शेपू," आई म्हणाल्या. "निवडूक वेळ लागता."